कांद्याचा भाव सांगणाऱ्या एजंटसाठी टूलचं डॉक्युमेंटेशन: एक प्रकरण

आधी प्रकरण काय ते सांगते. नाशिक जिल्ह्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी, नाव घेत नाही, सभासद जवळपास सगळे कांदावाले. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक एआय एजंट बसवला. शेतकऱ्याने मराठीत विचारायचं, "आज लासलगावला काय भाव निघाला", एजंटने टूल वापरून आकडे आणायचे आणि साध्या भाषेत सांगायचं, बस. टूल म्हणजे बॅकएंडवाल्या पोराने लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम, तो बाजार समित्यांची रोजची आवक आणि दर दोन ठिकाणांहून उचलतो, एक केंद्राचा अ‍ॅगमार्कनेटचा डेटा आणि दुसरे राज्य पणन मंडळाचे आकडे. कोडमध्ये तसं काही वावगं नव्हतं. जे मागाल ते आणून देत होतं.

तरी उत्तरं चुकत होती. आणि चुकत होती म्हणजे हास्यास्पद चुकत नव्हती, ऐकायला एकदम शहाणी वाटतील अशी चुकत होती, हाच खरा त्रास. दिवाळीच्या आठवड्यात एका सभासदाने भाव विचारला तर एजंटने सांगितलं की लासलगावला आवक शून्यावर आली आहे, बाजारात टंचाई दिसते, माल थोडा थांबवून ठेवल्यास चांगला दर मिळू शकतो. अहो, दिवाळीत मार्केट बंद होतं! नाशिक जिल्ह्यातल्या कुठल्याही माणसाला हे सांगावं लागत नाही, दिवाळीचे काही दिवस लिलाव नसतात. पण एजंटला कोण सांगणार.

माझ्याकडे काम आलं ते याच टप्प्यावर, "एजंटमागचं एआय मॉडेल बदलायचं का?" अशा प्रश्नासकट. मी म्हटलं थांबा, आधी टूलचं वर्णन काय लिहिलंय ते दाखवा. दाखवलं. एका ओळीचं होतं: "दिलेल्या बाजाराचे व्यापार आकडे आणतो. पॅरामीटर: बाजार, शेतमाल, तारीख." संपलं. म्हटलं मॉडेल राहू दे तूर्तास.

ज्यांनी हे काम केलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. हल्ली अशी टूलं बहुतेक एमसीपी नावाच्या पद्धतीने जोडतात, अ‍ॅन्थ्रॉपिकने नोव्हेंबर 2024 मध्ये ती खुली केली आणि मग बाकीच्यांनीही उचलली. त्यात टूलची ओळख म्हणून मॉडेलपुढे मुख्यतः तीन गोष्टी जातात: नाव, वर्णन आणि इनपुटचा आराखडा म्हणजे स्कीमा. मॉडेल तुमचा कोड बघत नाही, रीडमी बघत नाही, टीमच्या ग्रुपवर काय ठरलं ते त्याला माहीत नाही. माणूस डेव्हलपर असता तर अर्धवट डॉक्युमेंटेशन वाचून त्याने कोणाला तरी फोन केला असता, "अरे हा मोडल प्राइस म्हणजे काय भानगड आहे?" एजंट सहसा फोन करत नाही. जिथे माहिती नाही तिथे तो स्वतःच्या वाचनातून भरून घेतो, आणि त्याचं वाचन झालंय शेअर बाजारावर. इंटरनेटवर "मार्केट", "ट्रेड", "प्राइस" हे शब्द जिथे जिथे येतात तिथे शेअर नाहीतर क्रिप्टो, कांदा कुठे असणार?

याचा पुरावा पहिल्याच दिवशी लॉगमध्ये, म्हणजे एजंटच्या जुन्या उत्तरांच्या नोंदीत, सापडला. टूलने तीन दर दिले होते, किमान, कमाल, सर्वसाधारण (तोच वरचा मोडल प्राइस). एजंटने शेतकऱ्याला काय सांगितलं, तर "आज बाजार कमी दराने उघडला, दिवसभरात चढत गेला आणि वरच्या दरावर पोचला." किमान म्हणजे दिवसातला खालचा टप्पा आणि कमाल म्हणजे वरचा, शेअरच्या चार्टवर असतं तसं. बाजार समितीत तसं काही नसतं. किमान दर म्हणजे त्या दिवशी सगळ्यात पडेल माल ज्या दराने गेला तो, गोल्टी म्हणजे बारीक कांदा असेल, पत्ती म्हणजे वरची साल गेलेला असेल, पाणी लागलेला असेल. कमाल म्हणजे सगळ्यात चांगल्या ट्रॉलीचा. दोन्ही लिलाव दहा मिनिटांच्या अंतराने झालेले असू शकतात, दिवस चढला की पडला याच्याशी त्यांचा काही संबंध नाही.

मग मी ठरवलं की वर्णन लिहायला आपण बसायचंच नाही, आधी बाजार समितीत आयुष्य काढलेला माणूस शोधायचा. कंपनीच्या संचालकांच्या ओळखीतले एक काका मिळाले, पूर्वी व्यापाऱ्याकडे हिशेबाला होते, रोजच्या लिलावाला उभे राहिलेले. त्यांच्यासमोर लॅपटॉप ठेवला आणि टूलचा कच्चा रिस्पॉन्स, म्हणजे टूल परत देतं ते उत्तर, दाखवत गेले.

"काका, हे बघा, इथे कमाल आणि किमान. ह्याची सरासरी काढली तर चालेल ना?"

"कशाला? सर्वसाधारण दिलाय की शेजारी."

"मग सर्वसाधारण म्हणजे ह्या दोघांच्या मधलाच ना?"

"अगं नाही गं बाई. जास्तीत जास्त माल ज्या भावाने गेला तो सर्वसाधारण. दोन ट्रॉल्या गोल्टीच्या आल्या तर किमान खाली जातो, म्हणून काय सगळ्यांचा कांदा स्वस्तात गेला का?"

हे वाक्य मी जवळजवळ जसंच्या तसं वर्णनात टाकलं. समजा किमान 700, कमाल 2150 आणि सर्वसाधारण 1800 आहे, हे नुसते नमुन्याचे आकडे हां, तर किमान-कमालची सरासरी निघते 1425. शेतकऱ्याला 1425 सांगितले तर तो गाडी भरणारच नाही, आणि प्रत्यक्षात त्याच्यासारखा बराचसा माल 1800 च्या आसपास गेलेला असतो. क्विंटलमागे पावणेचारशेचा फरक नुसत्या एका न लिहिलेल्या ओळीमुळे. जुन्या लॉगमध्ये एजंटने ही सरासरी खरंच काढलेली होती, वर "सरासरी भाव" असं नावही दिलं होतं.

एककांचं त्याहून वाईट

दरात भानगड नव्हती, दोन्हीकडे रुपये प्रति क्विंटल. भानगड आवकेत. पणन मंडळाच्या तक्त्यात आवक क्विंटलमध्ये असते, अ‍ॅगमार्कनेटच्या अहवालात टनात. टूल दोन्हीकडून आकडे घ्यायचं आणि एकाच "आवक" नावाच्या रकान्यात घालायचं, कुठला कुठून आला ते सांगायचंच नाही. म्हणजे सोमवारचा आकडा एकीकडून आणि मंगळवारचा दुसरीकडून आला की आवक एका रात्रीत दहा पटीने घटली! एजंट लगेच, "आवकेत मोठी घट." त्यात भर म्हणजे वर्तमानपत्रात आणि शेतकऱ्यांच्या बोलण्यात आवक गाड्यांमध्ये असते, अमुक इतकी वाहनं आली म्हणतात, आणि शेतकरी एजंटला तसंच विचारतो, "आज किती गाड्या होत्या?" एजंट क्विंटलचा आकडा गाड्या म्हणून सांगून मोकळा.

इथे मला एक गोष्ट ठामपणे वाटते आणि त्यावरून बॅकएंडवाल्याशी थोडी वादावादीही झाली. त्याचं म्हणणं, वर्णनात लिही ना की एकक वेगळं असू शकतं, मॉडेल बघून घेईल. माझं म्हणणं, जे कोडमध्ये सरळ करता येतं ते डॉक्युमेंटेशनवर ढकलायचं नाही. टनाचे क्विंटल करायला दहाने गुणायचं, हे काम मॉडेलला का द्यायचं? शेवटी रकान्याचं नावच "आवक_क्विंटल" केलं, रूपांतर टूलच्या आत, आणि वर्णनात फक्त एवढंच उरलं की आवक नेहमी क्विंटलमध्ये असते, वाहनांची संख्या या टूलकडे नाही, विचारली तर नाही म्हणून सांग. नावातच एकक आलं की अर्धं वर्णन लिहायचं वाचतं. तसंच "दर" चं "सर्वसाधारण_दर_रु_प्रति_क्विंटल" झालं, लांबलचक दिसतं, दिसू दे, एजंटला टाइप करायचा कंटाळा येत नाही.

तारखेचंही असंच. केंद्राच्या ओपन डेटा एपीआयमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमने आकडे मागायच्या सोयीत, तारीख आधी दिवस मग महिना अशी येते. 03/04/2024 दिसलं की आपण 3 एप्रिल वाचतो, मॉडेल कधी 3 एप्रिल वाचतं कधी 4 मार्च. कांद्यात 4 मार्च आणि 3 एप्रिल म्हणजे वेगळं जग आहे, मार्चच्या सुरुवातीला लेट खरिपाचा लाल कांदा चालू असतो आणि एप्रिलमध्ये उन्हाळ कांद्याने मार्केट भरलेलं. म्हणून टूलच्या आत-बाहेर सगळीकडे वर्ष-महिना-दिवस हाच क्रम, आणि दुसऱ्या क्रमाने तारीख आली तर टूल अंदाज न बांधता परत पाठवतं.

अजून एक मजा. त्या ओपन डेटाच्या साइटवर चाचणीसाठी एक नमुन्याची "की" म्हणजे प्रवेशाची किल्ली मिळते, तिच्यावर एका वेळी जास्तीत जास्त 10 नोंदी येतात. सुरुवातीच्या चाचण्या त्या कीवर झालेल्या. म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्या बाजारांचा कांदा मागितला तरी 10 ओळी, आणि एजंट म्हणणार "राज्यात आज 10 ठिकाणी कांद्याची आवक झाली". ती "की" बदलल्यावर ते गेलं, पण धडा घेऊन आम्ही रिस्पॉन्समध्ये दोन आकडे कायमचे घातले: एकूण किती नोंदी आहेत आणि त्यातल्या किती दाखवल्या. दोन्ही सारखे नसतील तर यादी अर्धवट आहे, असं वर्णनात एका ओळीत.

लासलगाव म्हणजे नक्की कुठलं

शेतकरी म्हणतो लासलगाव. डेटात लासलगाव वेगळं, लासलगाव-निफाड वेगळं, लासलगाव-विंचूर वेगळं, कारण निफाड आणि विंचूर हे उपबाजार आहेत आणि त्यांच्या नोंदी स्वतंत्र पडतात. पिंपळगाव बसवंतचं सायखेडा तसंच. पुण्याचं तर विचारू नका, पुणे, पिंपरी, मोशी, मांजरी, खडकी. जुन्या स्कीमात बाजार हा मोकळा मजकूर होता, काहीही टाका, आणि टूल आतमध्ये नाव अर्धवट जुळवून पहिली जी ओळ सापडेल ती द्यायचं. विंचूरचा भाव लासलगावचा म्हणून जायचा. दोन्हीत फार फरक नसतो म्हणा, पण ज्या दिवशी मुख्य आवार बंद आणि उपबाजार चालू असतो त्या दिवशी घोळ होतो.

आता बाजारासाठी ठरलेल्या नावांची यादी आहे, स्कीमातच, त्यातलंच एक निवडायचं. "लासलगाव" म्हटलं की मुख्य आवार, उपबाजार हवा तर तसं नाव. आणि वर्णनात: विचारणाऱ्याने नुसतं पुणे म्हटलं तर मुख्य बाजार धर, पण उत्तरात बाजाराचं पूर्ण नाव सांग. पूर्ण नाव सांगितलं की चुकलं असेल तर शेतकरीच टोकतो, "नाही नाही, मोशीचा पाहिजे."

जातीचा प्रश्न याला चिकटूनच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात एकाच दिवशी एकाच बाजारात चाळीतला म्हणजे साठवलेला उन्हाळ कांदा आणि नवीन लाल कांदा दोन्ही येतात, कुठे पोळ म्हणजे लवकरच्या खरिपाच्या कांद्याचीही वेगळी नोंद असते. तीन ओळी, तीन वेगळे भाव. कधी उन्हाळ वर असतो कधी लाल. एजंट काय करायचा, एक तर पहिली ओळ द्यायचा नाहीतर तिन्ही मिळून एक भाव काढायचा, जो कुठल्याच कांद्याचा नसतो. वर्णनात लिहिलं: जाती एकत्र करू नकोस, विचारणाऱ्याने जात सांगितली नसेल आणि एकापेक्षा जास्त ओळी असतील तर प्रत्येक वेगळी सांग. आणि केंद्राच्या डेटात "अदर" नावाची जी जात दिसते ती जात नाहीच, नोंदणाऱ्याने वर्गवारी केली नाही एवढाच तिचा अर्थ. त्यावर काका म्हणाले, "म्हणजे कारकुनाला घाई होती असं लिही की!" तसं नाही लिहिलं, पण अर्थ तोच.

बंद, शून्य आणि माहीत नाही

आता मूळ दुखण्याकडे. दिवाळीचं ते उत्तर का आलं, तर नोंद नसली की टूल आवक म्हणून शून्य परत करायचं. प्रोग्रॅमरच्या दृष्टीने सोयीचं, रकाना रिकामा राहत नाही. पण बाजारात ओळ नसण्याची कारणं किती असतात बघा. रविवार. सण. मार्च एंडचे हिशेब, त्या वेळी नाशिक जिल्ह्यातल्या बऱ्याच समित्या काही दिवस बंद असतात. अमावस्या, या भागात कित्येक वर्षं अमावस्येला लिलाव नसायचे, अलीकडे काही ठिकाणी ही पद्धत मोडली आहे. व्यापाऱ्यांचा संप. शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले. हमाल-मापाऱ्यांचा वाद. किंवा लिलाव धडाक्यात झाला पण समितीने आकडे अजून चढवलेच नाहीत. या सगळ्यात खरोखरची "मार्केट चालू होतं आणि कांदा आलाच नाही" अशी शून्य आवक लासलगावला जवळजवळ होतच नाही.

चाचणीसाठी आम्ही मुद्दाम सप्टेंबर 2023 घेतला. त्या वर्षी 19 ऑगस्टला केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावलं, त्यावरून वातावरण तापलेलं होतं, आणि 20 सप्टेंबरपासून नाशिक जिल्ह्यातल्या कांदा व्यापाऱ्यांनी लिलावात भाग घेणं बंद केलं ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. एजंटला विचारलं, सप्टेंबर 2023 मध्ये लासलगावला आवक कशी होती? जुन्या वर्णनावर उत्तर आलं की महिन्याच्या शेवटी आवक पूर्णपणे आटली, बहुधा साठवणुकीतला कांदा संपत आला असावा. चाळी भरलेल्या होत्या, विकायला जागा नव्हती, आणि हा म्हणतो माल संपला. उलटंच! असलं उत्तर कोणी अभ्यासू माणसाने अहवालात घातलं तर पुढे त्याचंच पीक येतं.

शून्य आम्ही काढूनच टाकलं. आता प्रत्येक दिवसाला "स्थिती" नावाचा रकाना आहे आणि त्यात तीनपैकी एक: "नोंद आहे", "बंद, माहीत आहे" आणि "नोंद नाही, कारण माहीत नाही". दुसरी तेव्हाच जेव्हा सुट्टी आमच्या कॅलेंडरमध्ये आहे किंवा कंपनीच्या माणसाने हाताने नोंदवली आहे. ते कॅलेंडर काकांनी करून दिलं, पंचांग घेऊन बसले होते. तिसऱ्या स्थितीसाठी वर्णनात जे लिहिलं ते या सगळ्या कामातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं म्हणून इथे मराठीत देते, मूळ वर्णन इंग्रजीत आहे:

"नोंद नाही याचा अर्थ आवक नाही असा नव्हे. बाजार बंद असू शकतो किंवा आकडे यायचे असू शकतात. यावरून टंचाई, मागणी किंवा पुढचा भाव याबद्दल काहीही अनुमान काढू नकोस. त्या दिवसाची नोंद मिळाली नाही एवढंच सांग आणि शेवटची मिळालेली नोंद तिच्या तारखेसह दे."

"तारखेसह" वर जोर यासाठी की एजंट मागच्या शनिवारचा भाव "आजचा" म्हणून सांगायचा. टूलने शेवटचा उपलब्ध आकडा दिला, एजंटने प्रश्नातला "आज" त्याला चिकटवला. रिस्पॉन्समध्ये आता मागितलेली तारीख आणि मिळालेल्या नोंदीची तारीख हे दोन वेगळे रकाने आहेत. आणि दिवस संपायच्या आतलं वेगळंच, लिलाव सकाळ-दुपार अशा सत्रांत होतात, तेव्हा दुपारी एक वाजता आलेला आकडा सकाळचाच असू शकतो, तसं असेल तर "तात्पुरती नोंद" अशी खूण येते.

भाव का पडला हे टूलला माहीत नाही

शेतकरी भाव विचारून थांबत नाही, पुढचा प्रश्न असतोच, "का पडला?" आणि एजंटला "का" चं उत्तर द्यायला फार आवडतं. डिसेंबर 2023 चे आकडे देऊन विचारलं तर त्याने अंदाज लावला की नवीन लाल कांद्याची आवक वाढल्याने दर उतरले. त्या काळात लाल कांदा येतोच, त्यामुळे वाक्य खोटंही वाटत नाही. पण 7 डिसेंबर 2023 ला रात्री निर्यातबंदीचा आदेश निघाला होता आणि दुसऱ्या दिवशीपासून लागू झाला होता, हे वगळून त्या आठवड्याच्या लासलगावबद्दल बोलण्यात काय अर्थ आहे? पुढे 4 मे 2024 ला बंदी उठली पण टनाला 550 डॉलर किमान निर्यात मूल्य आणि 40 टक्के शुल्क राहिलं, सप्टेंबर 2024 मध्ये किमान मूल्य गेलं आणि शुल्क 20 वर आलं, 1 एप्रिल 2025 पासून तेही काढलं. या तारखा माहीत नसलेला माणूस दोन वर्षांचा आलेख बघून काय वाटेल ते म्हणेल.

संचालकांचं म्हणणं होतं की मग धोरणाच्या तारखा टूलमध्ये घाला. मी विरोध केला. यादी आज घातली तर उद्या शिळी होणार, आणि शिळी यादी असलेला एजंट काहीच यादी नसलेल्यापेक्षा जास्त आत्मविश्वासाने चुकतो. वर्णनात लिहिलं की हे टूल फक्त नोंदलेली आवक आणि दर देतं, कारणं देत नाही. कारण विचारलं तर या आकड्यांतून कारण सांगता येत नाही असं म्हण. संचालकांना फारसं पटलं नाही. "शेतकऱ्याला उत्तर पाहिजे असतं" म्हणाले. बरोबर आहे त्यांचं, पण चुकीचं उत्तर त्याला आधीच चार ठिकाणी फुकट मिळतं.

याच्याच जोडीला अजून एक ओळ घातली: नोंदलेला दर म्हणजे शेतकऱ्याच्या हातात पडणारे पैसे नव्हेत. फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापूर बाजार समितीत एका शेतकऱ्याला 512 किलो कांदा विकून गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता दोन रुपयांचा चेक मिळाला होता, सगळ्या देशात बातमी झाली. त्याचा दर किलोला एक रुपया होता, म्हणजे पाचशेच्या वर रुपये झाले. दर खरा आणि दोन रुपयेही खरे. एजंटला "माझ्या 40 क्विंटलचे किती होतील?" असं विचारलं की तो गुणाकार करून मोठा आकडा द्यायचा. आता गुणाकार करतो, पण यात खर्च वजा केलेला नाही हे सांगून.

मग वर्णन फुगलं

एवढं सगळं घातल्यावर वर्णन भलतंच लांबलं आणि एक नवीनच प्रकार सुरू झाला. शेतकऱ्याने विचारलं "पिंपळगाव कांदा?" तर भाव एका ओळीत आणि खाली भलामोठा परिच्छेद, हे दर अंतिम नसू शकतात, जातीनुसार फरक पडतो, नोंद नसणे म्हणजे आवक नसणे नव्हे, खर्च वजा केलेला नाही, कारणं सांगता येत नाहीत. म्हणजे आम्ही एजंटला जे बजावलं ते सगळं तो शेतकऱ्याला बजावत होता. एका सभासदाने उलट मेसेज केला, "भाव सांगा, वकिली नको." योग्यच बोलला.

इथे जी वाटणी केली ती मी पुढच्या कामातही वापरणार आहे. जे नेहमीच खरं आहे ते वर्णनात: एकक, सर्वसाधारण दराचा अर्थ, जाती वेगळ्या ठेवणं, स्थितीचे तीन प्रकार. जे कधी कधीच खरं असतं ते वर्णनातून काढलं आणि रिस्पॉन्समध्ये "टीप" म्हणून टाकलं, तेही जेव्हा लागू असेल तेव्हाच. मार्केट बंद असेल तेव्हाच बंदची टीप, तात्पुरती नोंद असेल तेव्हाच तात्पुरतीची. साध्या दिवशी टीप रिकामी, आणि वर्णनात सूचना की टीप असेल तर ती शेतकऱ्यापर्यंत पोचव, नसेल तर स्वतःहून इशारे जोडू नकोस. उत्तरं लगेच आटोपशीर झाली.

एरर मेसेजही याच कामाचा भाग धरले. पूर्वी बाजाराचं नाव चुकलं की "अवैध इनपुट" यायचं, एजंट तेच नाव पुन्हा पाठवायचा, पुन्हा तेच, आणि मग कंटाळून स्वतःच्या मनाने भाव सांगायचा (हो, खरंच). आता मेसेज येतो की "विंचुर" या नावाचा बाजार यादीत नाही, जवळचं नाव "लासलगाव-विंचूर", तेच हवं असेल तर ते पाठव, आणि आकडे मिळाले नाहीत तर अंदाजाने भाव सांगू नकोस. शेवटचं वाक्य एरर मेसेजमध्ये विचित्र वाटतं, माणसासाठी लिहिताना कोणी लिहिणार नाही. पण एजंट नेमका त्या क्षणी ते वाचत असतो, वर्णनाच्या तिसऱ्या परिच्छेदात लिहिलेलं तेव्हा फारसं कामाला येत नाही.

तपासायचं कसं, तर सभासदांनी विचारलेले जुने प्रश्न, नावं-नंबर काढून, एकत्र केले आणि त्यात मुद्दाम अडचणीचे दिवस घातले: दिवाळी, मार्च एंड, तो सप्टेंबर, तो डिसेंबर, दोन जातींचा नोव्हेंबर. वर्णनात एक शब्द बदलला तरी हे सगळे प्रश्न पुन्हा चालवायचे आणि उत्तरं काकांनी वाचायची. काकांना एआय बिआय काही घेणं नाही, ते फक्त "हे बरोबर" नाहीतर "ह्याला मार्केट यार्डात उभं करा एक दिवस" एवढंच सांगतात. माझ्या मते याहून चांगला परीक्षक मिळणार नाही. बंदचे प्रश्न आता सुटलेत, जाती आणि एककंही. "पुढच्या आठवड्यात वाढेल का?" ला मात्र एजंट अजून कधी कधी फसतो, दोन-तीनदा आग्रहाने विचारलं की काहीतरी बोलून जातो. ते टूलच्या वर्णनाने पूर्ण थांबेल असं मला वाटत नाही, ते एजंटच्या मुख्य सूचनांमध्ये घ्यावं लागेल आणि तो भाग दुसऱ्या टीमकडे आहे.

आता बाकीच्या शेतमालाचं चालू आहे आणि तिथे कांद्याचं वर्णन जसंच्या तसं चालत नाही. पुण्याच्या बाजारात कोथिंबीर-मेथी शेकडा जुडीवर जाते, जुडीचं वजन ठरलेलं नसतं, त्यामुळे क्विंटलचा आकडा आला तर तो कुणी कसा काढला हे आधी शोधावं लागेल. पिंपळगावला टोमॅटो 20 किलोच्या क्रेटवर बोलतात आणि डेटात क्विंटल. शेतकऱ्याला क्रेटचाच भाव पाहिजे, म्हणून रूपांतर टूलच्या आत करायचं ठरलंय, पण क्रेट किती किलोची धरली ते उत्तरात दिसलं पाहिजे यावर मी अडून बसले आहे. ते होईपर्यंत टोमॅटो मागितला की टूल सरळ सांगतं, हा शेतमाल अजून जोडलेला नाही.